लाखभर जणांनी पाहिलेली भाकरी

जंगलात मोबाईलला नुकती कुठे रेंज आली होती, तेव्हाची ही गोष्ट. अस्वलबाईंच्या खानावळीत रेडेमामा रोज पिठलं-भाकरी खायचे. एक दिवस मोर म्हणाला, "बाई, तुमची भाकरी काय टम्म फुगते! रील टाकू, खानावळ गाजेल."

झालं! भाकरी फुगली की मोर ओरडायचा, "हात लावू नका!" रील होईपर्यंत भाकरी बसायची, की बाई दुसरी थापायच्या. बसलेली मोर खायचा. कलाकाराला भूक फार लागते.

दुपार टळली. रेडेमामांनी विचारलं, "बाई, माझं ताट?"

"अहो मामा, तुमची भाकरी लाखभर जणांनी पाहिली!"

मामांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि ते उठले. "मग उद्यापासून मीही घरूनच बघतो."