पाणी न दिलेला भाला

फार मागे, ज्या राज्याचे नावही आता कुणी घेत नाही, तिथे एक लोहार राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि दोन मुलगे. थोरला घण मारायचा. धाकटा भाता ओढायचा आणि पात्यांना पाणी द्यायचा. लालभडक पाते पाण्यात बुडवले की कडक होते. नाही बुडवले तर दिसते तसेच, पण वाकते.

एका वर्षी राजाने गावोगावची तळी आपल्या बागांसाठी बंद केली. लोक उठले. राजाविरुद्ध लढाई सुरू झाली, आणि लोहाराच्या घरात भांडण.

"आपण नांगराचे फाळ करणारी माणसं," बाप म्हणाला. "राजे येतात, जातात. फाळ लागतोच."

"पाणीच नसेल तर फाळ चालवणार कुठं, आबा? तुमच्या टकलावर?" थोरला म्हणाला.

आई त्याला सकाळी म्हणायची, जाऊ नकोस. आणि दुपारी त्याच्याच वाटेसाठी दशम्या भाजायला बसायची. धाकट्याला आबा बोलले की आबांचे पटे, दादा बोलला की दादाचे. त्याला एवढेच कळत होते, की दादा जायला नको.

गावातून लढायला जाणारी तुकडी निघायच्या आदल्या दिवशी थोरला म्हणाला, "माझ्या भाल्याचं पातं तू कर रे. तुझ्याच हातचं पाहिजे."

धाकट्याने पाते घडवले. आणि काय मनात आले कुणास ठाऊक, ते पाण्यात न बुडवता राखेत निवत ठेवले. त्या गावात नवे हत्यार घेणारा ते ऐरणीवर तीनदा आपटून पाही. दादा आपटेल, पाते वाकेल, दुसरे होईपर्यंत तुकडी निघून जाईल. एवढाच त्याचा बेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्याने भाला खांद्यावर टाकला.

"दादा, आपटून बघ की," धाकटा म्हणाला.

"तू केलेलं आपटून बघू? मी काय गिऱ्हाईक आहे?"

तो हसला. आईच्या पाया पडला. आबा पाठ करून बसले होते, त्यांच्याही पाया पडला. खरे सांगायचे धाकट्याच्या ओठांवर आले होते. पण सगळी आळी बघत होती, दादा हसत होता, आणि तेवढ्यात तुकडी निघालीसुद्धा. मग तो धावत सुटला. ओढ्यापाशी दोन वाटा फुटत होत्या. त्याने चुकीची धरली.

पंधरा दिवसांनी तुकडीतला एकजण भाला घेऊन आला. पाते विळ्यासारखे वाकले होते. थोरला पहिल्याच लढाईत पडला होता.

आबांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "याला पाणी दिलं नव्हतंस."

"नाही."

"राजाच्या बाजूचा झालास का रे?"

"नाही आबा. दादा घरी राहावा, त्या बाजूचा होतो."

आबांनी वाकलेला भाला भिंतीला टेकवून ठेवला.

पुढे लोक जिंकले. तळी मोकळी झाली. म्हणजे दादा बरोबर होता का? पण ते पाणी त्याला मिळाले नाही. मग आबा बरोबर होते का? पण ते पाणी आबाही प्यायले. त्या घरात हे कुणालाच कधी उलगडले नाही.

एवढे मात्र उलगडले: आपल्या माणसाला अडवायचे तर तोंडावर बोलून अडवावे, आणि तो निघालाच तर त्याच्या हाती कच्चे हत्यार देऊ नये.