डोमाजीनं थुंकलेलं भेदरं

डोळे मिटून भेदरं खाल्लं, तर ते कोणाच्या परसातलं आहे हे तुम्हाला सांगता येईल का? नाही ना? लाल आहे, आंबट आहे, एवढं सांगून आपण मोकळे होतो. आता सगळे टोमॅटो म्हणतात, पण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून भेदरंच आहे. ही गोष्ट तिकडचीच आहे, म्हणून आपणही भेदरंच म्हणू.

फार वर्षांपूर्वी, सावरडोह गावाला धड बैलगाडीचा रस्ताही नव्हता तेव्हा, तिथं डोमाजी नावाचा एक माणूस राहत होता. तो काही मोठा शेतकरी नव्हता. त्याच्याकडे दोन बैल होते, नदीकाठी एक लहानसा तुकडा होता आणि तोंडात एक जीभ होती. पण ती जीभ अशी, की चार गावांत तिचं नाव होतं.

असं म्हणतात, की भेदऱ्याची फोड तोंडात ठेवली की डोमाजी सांगे, हे झाड विहिरीचं पाणी प्यालं की नदीचं. खत गाईचं घातलं की शेळीचं, हेही सांगे. एकदा गणबाजी पाटलाच्या मळ्यातलं भेदरं चाखून तो म्हणाला, "वाफ्याखाली दगड हाय, पाटील. मुळी अडून बसली." हातभर खणलं तर खाली जुन्या जात्याचा दगड निघाला. आणखी एकदा तो म्हणाला, या झाडाला पाणी घालणारी बाई रागारागात पाणी घालते. तर त्या घरचा नवरा मान खाली घालून बसला.

त्या काळी सावरडोहात घरोघरी वेगळी भेदरी होती. कोणाकडे चपटी, पाकळ्या पडलेली, अंबाडीसारखी आंबट. ती वरणात छान लागत. कोणाकडे लांबट, नदीकाठच्या वाळूतली, गोड पण पातळ. कोणाकडे जाड सालीची, ठेच्यात खमंग लागणारी. माघातल्या पौर्णिमेला सगळं गाव कडुनिंबाच्या पाराशी जमे. प्रत्येक घर आपलं एक भेदरं आणी. डोमाजी एकेक चाखे, कोणतं कशाला चांगलं ते सांगे, आणि शेवटी कोणाचं बी पुढच्या हंगामात गावानं लावायचं ते ठरवी. फक्त एक गोष्ट कडक होती. चाखणाऱ्यानं एखादं भेदरं थुंकलं, तर त्या घरानं आपली सगळी झाडं त्याच दिवशी उपटायची, म्हणजे त्याचा गुण दुसऱ्यांच्या बियांत उतरायचा नाही. वीस वर्षांत डोमाजी एकदाही थुंकला नव्हता.

चाखणाऱ्यालाही एक नेम होता. तीन दिवस आधीपासून त्यानं ज्वारीची भाकर आणि दूध एवढंच खायचं. तिखट नाही, गरम नाही, पान नाही. डोमाजीनं तो नेम कधी मोडला नव्हता. आणि त्या वर्षी मोडला.

झालं असं, की पौर्णिमेच्या आदल्या दुपारी शेजारच्या गावात रोडग्यांची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तुपाची धार आणि वांग्याची लालभडक भाजी. डोमाजी नुसता भेटायला म्हणून गेला होता. पण वास आला आणि त्याचा पाय निघेना. एकच घास, असं मनाशी म्हणून त्यानं चुलीवरून उतरलेली भाजी तशीच तोंडात टाकली. वांगं वरून निवलं तरी आत विस्तव असतो. जीभ भाजली, टाळू भाजला, वर तिखटानं आग आग झाली. सकाळी उठून बघतो, तर जीभ पांढरी पडलेली. त्याची बायको सगुणा हिनं दिलेला गुळाचा खडा तोंडात धरला, तर तो खडा गुळाचा आहे की मातीचा हेही कळेना.

"सांगून टाका," सगुणा म्हणाली. "म्हणा, यंदा मले जमत नाही."

"चार गावचे लोक येतील," डोमाजी म्हणाला. "काय सांगू त्याहिले? वांग्यासाठी जीभ जाळली म्हणून?"

आणि तो पागोटं बांधून पारावर जाऊन बसला.

भेदरी पुढं येऊ लागली. डोमाजी फोड तोंडात ठेवी, डोळे मिटी, मान हलवी. आत काहीच नव्हतं. ओल्या कापडाचा तुकडा चघळावा तसं ते होतं. मागच्या वर्षी जे बोलला होता तेच त्यानं शब्द फिरवून पुन्हा सांगितलं. लोक माना डोलवत होते. गणबाजी पाटलानं त्या वर्षी कुठून तरी नवं बी आणलं होतं. त्याचं भेदरं लाल, गोल, मुठीत न मावणारं. डोमाजीनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनात ठरवलं, हेच.

शेवटी बयना आली. बयना म्हणजे ठकूबाईची सून, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. तिचं माहेरचं गाव पटकीच्या साथीत उठलं होतं. आई गेली, घरं ओस पडली. येताना तिनं पदराच्या गाठीत आईच्या परसातलं चिमूटभर बी आणलं होतं. माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं. तिचं भेदरं बोराहून थोडं मोठं, पिवळट, देठाशी हिरवं आणि सुरकुतलेलं होतं. लोक हसले.

डोमाजीनं त्याची अर्धी फोड तोंडात घातली. तेव्हा त्याच्या मनात एक भीती आली. आपण सगळ्यांना बरं म्हणत आलो. कोणाला संशय आला तर? एखादं वाईट म्हटलं, की जीभ जागी आहे हे लोकांना पटेल. हे एवढंसं, वाळकं, परगावचं. हे वाईटच असणार.

आणि डोमाजी थुंकला. पाराच्या कडेला, दगडांच्या फटीत.

बयना हळूच म्हणाली, "बाबा, एकडाव पुन्हा चाखून पाहा जी."

"मले एका डावात समजते, पोरी," डोमाजी म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

गावानं लावायला गणबाजीचं बी ठरलं, आणि त्याच दिवशी ठकूबाईनं सुनेची सगळी झाडं उपटली आणि शेळ्यांपुढं टाकली.

पाचव्या दिवशी डोमाजीची जीभ परत आली. पौर्णिमेला उरलेल्या अर्ध्या फोडी चाखणाऱ्याच्या घरी द्यायची रीत होती. सगुणेनं त्यांतल्या बिया कोंबड्यांना टाकून फोडी उन्हात वाळवल्या होत्या. दुपारी तिनं भाकरीवर एक फोड ठेवली. डोमाजीनं घास घेतला आणि तो चावायचाच थांबला. आधी कवठासारखं आंबट. मग हळूहळू कोवळ्या हुरड्याची गोडी. आणि घास गेल्यावर घशाशी जरासा खारटपणा, असा की पुन्हा घास घ्यावासा वाटावा. असं भेदरं त्यानं उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं.

"हे कोणाचं?" त्यानं विचारलं.

सगुणा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्ही थुंकलं ते," ती म्हणाली.

डोमाजी हात न धुताच उठला. बयनाच्या परसात गेला तर वाफा उघडा पडलेला होता. "बी उरलं काय, बाई?" त्यानं विचारलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण ठकूबाई ओट्यावर बसली होती. शब्द बाहेर आला नाही.

बयना म्हणाली, "सारं पेरलं होतं, बाबा. उरलं असन त तुमच्या तोंडातलं."

डोमाजी तसाच पाराशी आला आणि गुडघ्यांवर बसून दगडांची फट बोटानं उकरू लागला. लोक जमले.

"काय हरपलं, बाबा?"

"दात पडला," डोमाजी म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

झालं. डोमाजीबाबाचा दात म्हटल्यावर अर्धं गाव धुळीत बसून दात शोधू लागलं. एक म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुमचे त सारेच दिसते."

"मागचा होता."

"मंग दाढ असन. दाढ शोधा रे."

त्या लोकांच्या पाठी वाकलेल्या बघून डोमाजीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण तेव्हाही तो बोलला नाही.

महिनाभरानं त्या फटीतून एक कोंब वर आला. दोन पानं, मग चार. डोमाजीनं ओळखलं. तो रोज सकाळी नदीवरून डोक्यावर घागर आणून त्याला पाणी घाली. चैत्र गेला, वैशाख लागला. असं म्हणतात, की त्या वैशाखात नदी आटली, पाखरं झाडावरून पडू लागली, आणि डोमाजी दीड कोसावरच्या डोहातून अनवाणी पाणी आणी. त्याच्या पायांची कातडी गेली, पण रोपाचं एक पान सुकलं नाही.

गावाला वाटलं, बाबानं काही नवस धरला आहे. दगडातून उगवलं म्हणजे हे देवाचं रोप. बाया त्याला हळदकुंकू वाहू लागल्या. पोरंसोरं, म्हातारेकोतारे डोमाजीच्या पाया पडू लागले. कोणी पायाला हात लावला की डोमाजीला पुन्हा एकदा जीभ भाजल्यासारखं होई. तो पाय मागं घेई, आणि लोक म्हणत, बघा, अहंकार कसा नाही.

एके दिवशी बयना पाणी घेऊन त्या वाटेनं चालली होती. ती थांबली. रोपाचं एक पान तिनं दोन बोटांत चुरडलं आणि हुंगलं. मग डोमाजीकडं पाहिलं. तिला सगळं कळलं की काय, देव जाणे. तिनं आपल्या घागरीतलं अर्धं पाणी रोपाला घातलं आणि निघून गेली. दोनशे माणसांनी जोडे मारले असते तरी डोमाजीला एवढं लागलं नसतं.

वैशाख सरता सरता, जेव्हा कोणाच्याच मळ्यात हिरवं पान नव्हतं, तेव्हा त्या रोपाला फळं धरली. सात फळं, पिवळट, सुरकुतलेली. मृग जवळ आला होता आणि घरोघरी गणबाजीच्या लाल भेदऱ्याचं बी पेरायला काढून ठेवलं होतं. सगळं गाव पाराशी जमलं. गणबाजी म्हणाला, "बाबा, देवाचं फळ. पहिले तुम्ही चाखा."

डोमाजीनं पागोटं काढून पारावर ठेवलं.

"हे रोप देवाचं नाही," तो म्हणाला. "माह्या थुंकीचं हाय. माघात मले जीभ नव्हती. आदल्या दिवशी पंगतीत वांग्याच्या भाजीनं भाजली होती. काहीच कळत नव्हतं, अन् तरी मी निवाडा केला. अन् मले कळते हे तुम्हाले दाखवाले बयनाचं भेदरं थुंकलं. दातही पडला नव्हता."

ज्या बाईनं सकाळीच रोपाला कुंकू लावलं होतं, ती आपल्या बोटाकडं बघत राहिली. मग गणबाजीनं विचारलं, "म्हणजे माहं लाल भेदरं?"

"मले ठाऊक नाही, पाटील. मी ते चाखलंच नाही म्हणा ना."

गणबाजी दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "मी चाखलं होतं घरी. पाण्यासारखं लागे. मले वाटलं, बाबा चांगलं म्हणतात म्हणजे माहीच जीभ बिघडली."

मग मागून कोणी म्हणालं, बी काढताना चाखलं तेव्हा आम्हालेही तसंच वाटलं होतं. मग आणखी कोणी. ठकूबाई खाली बघत म्हणाली, की झाडं उपटताना तिनं सुनेचं एक भेदरं तोंडात टाकलं होतं, ते तिला चांगलं लागलं होतं, आणि तरी तिनं उपटणं थांबवलं नव्हतं. असं म्हणतात, की त्या दिवशी सावरडोहात एकाही माणसानं दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

बयना पुढं आली. तिनं एक फळ खुडलं, त्याची दोन शकलं केली.

"बाबा, आज जीभ हाय?"

"हाय."

"मंग घ्या."

डोमाजीनं ते सालीबियांसकट गिळलं. लोक वाट बघत होते, आता बाबा सांगतील, कसं आहे ते. पण तो काही बोलला नाही. दुसरं शकल बयनानं सासूच्या हातावर ठेवलं. त्यानंतर डोमाजीनं पारावर बसून कधी निवाडा केला नाही.

आजही सावरडोहात माघी पौर्णिमेला भेदरी चाखतात. आता चाखणारा एक नसतो, सगळं गाव चाखतं. आधी प्रत्येकानं काल काय खाल्लं ते सांगायचं आणि जीभ बाहेर काढून शेजारच्याला दाखवायची. त्याला डोमाजीची कबुली म्हणतात. मोठे मोठे बाप्ये जीभ काढून उभे असतात आणि पोरं हसतात, त्यांना हसू देतात. आवडलं नाही तरी कोणी थुंकत नाही. कोणाचीच झाडं उपटत नाहीत. आणि ज्याला खरंच चव कळत नसेल, तो म्हणतो, "आज मले जीभ नाही," आणि बाजूला बसतो. त्याला मानानं पाराच्या वरच्या दगडावर बसवतात. पुढं पुढं तर बैल घेताना, सोयरीक जुळवताना, पंचात बसतानाही त्या गावची माणसं असंच म्हणू लागली. ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो, मले जीभ नाही, आणि त्याला कोणी हसत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी डोमाजी एकटाच घरी गेला. सगुणेनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं. राहिलेली सहा फळं बयनानं पदरात बांधून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी कुदळ घेऊन बयनाच्या परसात गेला, आणि वाफा कुठं खणायचा ते तिनं त्याला दाखवलं.