हेमांगीच्या नावाची चावी

एकदा एका धर्मादाय संस्थेत मोठा अन्याय घडला, आणि तो पडद्यावरच्या एका ओळीच्या आधारावर घडला.

ही संस्था डायलिसिस केंद्रे चालवत असे. कोणत्या रुग्णाने कधी आणि कोणत्या यंत्रावर यायचे, याचे वेळापत्रक क्लाउडवरच्या एका सर्व्हरवर होते. एके सकाळी ते कुणीतरी पुसून टाकलेले आढळले. दूरच्या गावांहून रुग्ण आले होते. कुणाचे पाय सुजलेले, कुणाला धाप लागलेली. आधी कुणाला घ्यायचे हे कुणालाच सांगता येईना. एका वृद्धेला तर जिन्यातच बसवून प्राणवायू द्यावा लागला. दुपारी जुनी प्रत चढवून काम सुरू झाले खरे, पण लोक खवळले होते. कुणाला तरी जबाबदार धरल्याशिवाय ते शांत होणार नव्हते.

व्यवस्थापकांच्या मनात एक नाव आधीपासून होते. हेमांगी तांडेल ही तिथली तंत्रज्ञ. बाहेरच्या कंपनीच्या हाती रुग्णांचा सर्व्हर देऊ नका, असे तिने भर बैठकीत सुनावले होते, आणि ते त्यांना फार झोंबले होते. त्यांनी निनाद नावाच्या तरुण तंत्रज्ञाला बोलावून घेतले.

"हेमांगीच्या नावाची चावी आहे का, तेवढं बघ."

अशा सर्व्हरची चावी म्हणजे जोडी असते. तिचा एक भाग माणसाच्या संगणकात राहतो, दुसरा सर्व्हरवर. संस्थेच्या क्लाउडवरच्या खात्यातल्या सगळ्या जोड्यांची यादी एक आज्ञा टंकली की समोर येते, आणि यादी लांबलचक असेल तर चाळणी लावून हवे तेवढेच पाहता येते. निनादने नावाची चाळणी लावली. एक ओळ उरली.

"आहे," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बोलावून हेमांगीचे ओळखपत्र काढून घेण्यात आले. "मी काय केलं ते तरी सांगा!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. निनाद खाली मान घालून उभा होता.

परचुरे सरांना हे दुसऱ्या दिवशी कळले. संस्थेचा सर्व्हर आरंभी त्यांनीच विनामूल्य उभारून दिला होता आणि निनाद त्यांच्या हाताखाली शिकलेला. ते तडक व्यवस्थापकांच्या खोलीत आले आणि निनादलाही तिथे बोलावून घेतले. बसायला सांगितले तरी बसले नाहीत.

"निनाद, कालची आज्ञा माझ्यासमोर चालव."

निनादने ती चालवली. हेमांगीच्या नावाची ओळ उमटली. सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, तिचे नाव खोडले आणि त्या जागी निनादचे टंकले. पुन्हा एक ओळ उमटली.

"चोर सापडला," सर व्यवस्थापकांना म्हणाले. "याचंही ओळखपत्र काढून घ्या. सभागृहात, सगळ्यांसमोर."

निनादचा चेहरा लाल झाला. "सर, हे काय बोलताय? मी इथे काम करतो. माझी चावी असणारच!"

"आणि हेमांगी इथे काय करत होती? तिची चावी नसती तर नवल!" सरांचा आवाज चढला. "अरे, चाळणी तुझ्याच प्रश्नाचं उत्तर देते. तू एक नाव घेऊन गेलास आणि तेच नाव घेऊन परत आलास. याला शोध म्हणतात? चावी कुणाकुणाकडे आहे हे तू पाहिलंस. दार कोणत्या चावीने उघडलं, हे कोण पाहणार होतं? तुला हे येत नव्हतं असं नाही. तुला कुणी विचारलं नाही, म्हणून तू पाहिलं नाहीस. यंत्राला मन नसतं, त्याला मी दोष देत नाही. तुला तर होतं ना?"

निनाद कीबोर्डकडे वळला. प्रत्येक चावीला अक्षर-अंकांची एक माळ असते, बोटाच्या ठशासारखी, दुसरीशी न जुळणारी. कोण कधी आत शिरले याच्या सर्व्हरवरच्या नोंदीतून त्याने वेळापत्रक पुसले गेले त्या वेळच्या प्रवेशाचा ठसा काढला. मग नाव बाजूला ठेवून त्या ठशाचीच चाळणी यादीला लावली.

याही वेळी एकच ओळ उरली. ती चावी बाहेरच्या त्या कंपनीची होती. सर्व्हरवरच्या जुन्या फायली साफ करण्याचे काम तिच्या माणसांना देण्यात आले होते, आणि निष्काळजीपणे त्यांनी वेळापत्रकही साफ केले होते. परवानगी व्यवस्थापकांची होती.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "गैरसमज झाला. तिला उद्यापासून यायला सांगतो. उगाच गाजावाजा नको."

"काल गाजावाजा कुणी केला?" सर कडाडले. "बेअब्रू सभागृहात आणि क्षमा कानात? विश्वस्तांना मी आत्ताच फोन करतो."

सगळे पुन्हा सभागृहात जमले. व्यवस्थापक विश्वस्तांसमोर खुलासे देत राहिले. निनाद मात्र कुणी न सांगता पुढे आला आणि म्हणाला, "हेमांगीताईंविरुद्ध पुरावा नव्हता. मी न तपासता 'आहे' म्हटलं." मग तो तिच्या घरी गेला आणि हेच शब्द तिच्या आईवडिलांसमोर पुन्हा बोलला.

हेमांगीने ऐकून घेतले. तिने त्याला बसायला सांगितले नाही.

"ठसा जुळवून बघायला किती वेळ लागला?" तिने विचारले.

"फारसा नाही. एक आज्ञा."

"आणि मला विचारायला?"

हेमांगी कामावर परतली ती आपल्या अटींवर, त्या कंपनीची चावी सर्व्हरवरून स्वतः काढून टाकून. निनादशी ती पुष्कळ दिवस कामापुरतेच बोलली, आणि त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. कुणाचे नाव देऊन कुणी काही शोधायला सांगितले, की तो आधी शांतपणे विचारू लागला, "नक्की काय घडलं आहे, ते मला सांगा."