ताडपत्रीखालचा पंचनामा

माझा भाऊ भानुदास बाजार समितीत हमाल होता. वैशाखात विसाव्याच्या शेडमध्ये भाकर खायला बसला आणि उष्माघाताने तिथेच गेला. शेडला वर आणि तिन्ही बाजूंनी जाड ताडपत्री होती. तेरावं उरकून मी सभापती तात्यासाहेबांकडे गेलो आणि हमालांसाठी शेडनेटची हिरवी जाळी मागितली.

तात्या हसले. "भोकाभोकांच्या जाळीने ऊन अडतं होय रे? ताडपत्रीतून कवडसासुद्धा येत नाही. तीच नवी लावू. तसा पंचनामाच करून टाकू."

माझा हात उठणार होता. तो आवरून म्हटलं, "करा. पण पंचनामा जागेवर बसूनच लिहितात ना, तात्या?"

समितीचे पंच तिथेच बसले होते; त्यांच्यासमोर तात्यांना नाही म्हणता येईना. भर बाराला सगळे ताडपत्रीखाली बसले. कारकून सावकाश लिहू लागला. दहा मिनिटांत तात्यांचा सदरा पाठीला चिकटला. मग ते धापा टाकतच उठले. "बाहेर चला, जीव गुदमरतोय."

मी वाट अडवली. "बसा की! कवडसासुद्धा नाही इथे. माझ्या दादालाही ऊन लागलं नव्हतं, तात्या. त्याला वारा मिळाला नाही."

तात्यांनी घाम पुसला आणि कारकुनाला म्हणाले, "खोड ती ताडपत्री. जाळी लिही."