वाटेवरल्या माणसाची भाकरी

फार मागे, कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याला मेंढपाळांचं एक गाव होतं. घरातलं कुणी ना कुणी कायम बाहेरगावी. म्हणून तिथे एक रीत होती. जो वाटेवर असेल त्याच्या वाट्याची भाकरी रोज संध्याकाळी उंबऱ्याजवळ झाकून ठेवायची. त्याने माणूस सुखरूप घरी येतो, असं सगळे मानत.

त्या गावातल्या एका लहान मुलीची आई तापाने गेली. मुलीला तेव्हा पलीकडच्या वस्तीवर धाडलं होतं. ती परतली, तर घरात आई नाही.

"आई कुठाय?"

"माहेरी गेलीय. येईल," बाप म्हणाला. लेकराला कशाला रडवा, असा त्याचा विचार. आता खरं सांगायचं तर जीभ त्याचीच रेटत नव्हती, नाव मात्र लेकराचं.

पण मुलं काय खुळी असतात? संध्याकाळी, घर सांभाळायला आलेल्या आत्याने भाकऱ्या केल्या, सगळ्यांना वाढल्या, उंबऱ्याजवळ एकही ठेवली नाही. मुलीने ते बरोबर हेरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ती आत आली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आईची लुगडी आत्याने गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली, तेही तिने पाहिलं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. आत्यालाच आई परत यायला नकोय, म्हणून ती भाकरी ठेवत नाही.

मग मुलगी आपल्या ताटातली भाकरी उचलून उंबऱ्याजवळ ठेवू लागली. आत्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. पार वाळून गेली, आणि एक दिवस अंगणातच भोवळ येऊन पडली.

आत्या धावली. मुलगी पुटपुटली, "हात लावू नकोस. तूच आईला घालवलंस."

आत्या तिच्याशेजारी मातीतच बसली. बापाने गप्प राहायची खूण केली, पण ती आता ऐकणार नव्हती.

"बाळे, तुझी आई मेली. तापात तिचा श्वास थांबला. मेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून मी भाकरी ठेवली नाही. तिला कुणी घालवलं नाही. तुझंही काही चुकलं नाही."

"पण बा म्हणाला..."

"ते खोटं होतं गं."

मुलगी तिच्याकडे रोखून बघत राहिली. "मग आता तिला भूक लागते?"

"नाही. भूक नाही, थंडी नाही, काही दुखतही नाही."

तेव्हा कुठे मुलगी रडली. आत्याही रडली, तोंड न लपवता. मग आत्याने भरवलेला घास तिने मुकाट्याने खाल्ला.

मुलगी हळूहळू सावरली. पण पुढे बाप बाजाराला निघताना म्हणायचा, "संध्याकाळी येतो हं." मुलगी आत्याकडे वळून विचारायची, "बा खरंच येणार ना गं?"

बाप दारातच मान खाली घालून उभा राहायचा.

मरण मुलांपासून लपवलं, तर त्यांचं दुःख टळत नाही. आपल्यावरचा त्यांचा विश्वास तेवढा उडतो.