यामिनीचा वारा आणि काकूंची दादर

एकदा एका गावातला वारा पडला, आणि तो एका मुलीच्या बॅटने पुन्हा सुरू करावा लागला. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी तापीकाठच्या त्या गावी जाऊन म्हशींना विचारावं. माणसं तिखटमीठ लावून सांगतात. म्हशी जेवढं घडलं तेवढंच सांगतात.

मुलीचं नाव यामिनी. सातवीतून आठवीत गेलेली, अंगाने दणकट, आणि सॉफ्टबॉलचं असं वेड की झोपेतसुद्धा ती कूस बदलायची ती बॅट फिरवल्यासारखी. शाळेच्या मैदानावर ती खेळायला उभी राहिली की मागे बसलेली कॅचर आधी आपलं हेल्मेट चाचपून बघे. यामिनीने बॅट फिरवली की वर्गातल्या मुलांच्या पुस्तकांची पानं आपोआप उलटत, आणि धडा न शिकवताच पुढे सरके. एकदा तर मुख्याध्यापकांची टोपी उडाली, ती थेट शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यावर जाऊन बसली. मापात इतकी चपखल बसली की त्यांनी ती परत केली नाही.

एवढ्या सामर्थ्यात उणीव एकच होती. बॅट चेंडूला लागत नसे.

मागच्या साली जिल्हा संघाच्या निवड चाचणीत यामिनी नुसता वारा घालून परत आली होती. यंदाची चाचणी रविवारी होती, आणि त्या वयोगटात तिला ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात जाणार, आणि त्या गटात तिच्या शाळेचा संघच नव्हता. म्हणजे रविवारी निवड झाली नाही तर बॅट माळ्यावर जाणार, हे तिला ठाऊक होतं. आईने माळ्यावर जागाही करून ठेवली होती.

गावाच्या टोकाला आप्पा राहत. त्यांनी हयातभर मुलांना खेळ शिकवला होता आणि आता निवांत अंगणात बसत. लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला येत आणि बहुधा प्रश्न घेऊन परत जात. यामिनी बॅट खांद्यावर टाकून त्यांच्यापुढे उभी राहिली.

“आप्पा, मला मारायला शिकवा.”

“कुणाला?”

“कुणाला काय? बॉलला.”

“त्याने तुझं काय वाकडं केलंय?”

“तेच तर ना! तो माझं काही करत नाही आणि मी त्याचं काही करू शकत नाही.”

आप्पा हसले. “फिरव बघू बॅट. बॉल नको, नुसती फिरव.”

यामिनीने सगळा जीव एकवटून बॅट फिरवली. अंगणातली तुळस वाकली, दोरीवरचं धोतर सुटून पिंपळावर गेलं. आप्पांनी मात्र डोळे मिटून घेतले होते. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा डोळे मिटलेलेच.

“आप्पा, झोपलात का?”

“ऐकतोय.”

“काय?”

“तुझा वारा कुठे वाजतो ते. उत्तम वारा आहे.” आप्पांनी डोळे उघडले. “उद्या सोमवारी उजाडताच वच्छीकाकूंच्या खळ्यावर ये. बॅट आण. बॉल आणू नकोस.”

आता वच्छीकाकूंच्या खळ्याचं सांगायला हवं. दादर म्हणजे त्या भागातली रब्बीची ज्वारी. पांढरीशुभ्र, चवीला गोड. मळणीयंत्र गावात येऊन गेलं होतं, पण काकूंचं ठाम मत असं की यंत्रातून काढलेल्या दादरीची भाकरी रुसल्यासारखी लागते. म्हणून घरापुरती दादर त्या खळ्यावर बडवून घेत आणि स्वतः तिवईवर उभ्या राहून उपणत. पाटी डोक्यावर धरून धान्याची धार सोडायची. दाणे खाली पडतात, भुसा वाऱ्यावर निघून जातो. यंदा मात्र ऐन वेळी वारा पडला. पिंपळाचं पान हलेना. काकू धार सोडत, आणि दाणे व भुसा जोडीने खाली उतरत.

“काकू, तुमच्यासाठी वारा आणलाय,” आप्पा म्हणाले.

काकूंनी तिवईवरूनच चहूकडे पाहिलं. “कुठाय?”

“ही काय, यामिनी.”

“आप्पा, वयोमानाने होतं असं. सावलीत बसा जरा.”

पण यामिनीने बॅट फिरवली, आणि काकूंचं वाक्य भुशाबरोबर उडून गेलं. धारेतला सगळा भुसा निघाला तो कुंपणापलीकडे जाऊन पडला. दाणे मोत्यासारखे खाली. काकूंनी दुसरी पाटी धरली, यामिनीने दुसरा फटका मारला. दुपारपर्यंत खळ्याभोवती जत्रा जमली. लोक आपापलं धान्य घेऊन आले, एकाने गोधडी वाळवून घेतली, एकाने चूल पेटवून घेतली. आणि त्या म्हशी, ज्यांचा उल्लेख वर आला, त्या वाऱ्याच्या बाजूला तोंड करून ओळीने उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी हलेनात.

“काय पोर आहे!” लोक म्हणत होते. “काय ताकद!”

यामिनीला आयुष्यात प्रथमच बॅट हातात असताना शाबासकी मिळाली होती. चेंडू लागला का, असं कुणी विचारतच नव्हतं. ती खुशीत होती. पण रात्री हात शेकताना तिच्या मनात आलं, रविवार जवळ येतोय आणि मी लोकांचा भुसा उडवतेय.

“आप्पा, मी बॉल कधी मारायचा?” दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

“काकूंची दादर संपली का?”

“नाही.”

“मग?” एवढंच बोलून आप्पांनी खळ्यात पडलेलं कोंबडीचं एक पीस उचललं. यामिनीला त्यांनी कडब्याच्या गंजीला पाठ देऊन असं उभं केलं की मागे जेमतेम वीतभर जागा राहावी. मग गंजीत, तिच्या खांद्यामागे, ते पीस खोचलं. “काकू धार सोडतील ती तुझ्या कमरेसमोरून जाईल. तुझा वारा तिथे वाजला पाहिजे. हे मागचं पीस हललं, तर तो फटका आपल्याला मान्य नाही.”

यामिनीने फटका मारला. बॅट गंजीत घुसली, पेंढ्या कोसळल्या, आणि पीस कुठे गेलं ते शोधायला आप्पांना ओढ्यापर्यंत जावं लागलं.

“मागे जागाच नाही तर बॅट फिरवू कशी?” यामिनी वैतागली.

“बॉल मागून येतो का?”

“समोरून.”

“मग मागे एवढी जागा कशाला हवी? कोपर अंगाजवळ ठेव. आधी कंबर वळू दे, मग हात येऊ देत. बॅटचं टोक सगळ्यात शेवटी येऊ दे, लग्नातल्या मानकऱ्यासारखं.”

काकूंनी धार सोडावी, यामिनीने बॅट फिरवावी, आप्पांनी डोळे मिटून ऐकावं, असं सुरू झालं. “खांद्यामागे वाजला,” आप्पा म्हणत. नंतर म्हणू लागले, “कानाजवळ वाजला.” पीस आधी उडायचं, मग नुसतं फडफडायचं, मग थरथरायचं. यामिनीचे हात शहाणे होत होते, पण तिला ते कळत नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की भुसा पूर्वीसारखा लांब जात नाही. कुंपणापलीकडे जाणारा भुसा कुंपणाशी पडू लागला, मग खळ्यातच पडू लागला. गर्दी पांगली. गोधडीवाला गोधडी घेऊन घरी गेला. म्हशींनीही तोंडं फिरवली.

शनिवारी संध्याकाळी काकूंनी धार सोडली. यामिनीची बॅट गेली कधी आणि आली कधी, दिसलंच नाही. धारेत कमरेच्या उंचीवर बोटभर फट पडली आणि लगेच मिटली. गंजीतलं पीस स्वस्थ होतं. आणि दाणे व भुसा जोडीने खाली उतरले.

काकू तिवईवरून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून आप्पांसमोर उभ्या राहिल्या.

“आप्पा, पोरीचा वारा गेला!”

“गेला खरा.”

“खरा काय खरा! सोमवारी कशी वावटळ होती, आणि आता बघा. म्हातारी फुंकर मारेल तर जास्त भुसा उडेल. चांगली होती, शिकवून शिकवून बिघडवलीत तुम्ही तिला. आणि माझी अर्धी दादर पडलीय ती?”

कुंपणापलीकडून कुणीतरी पुस्ती जोडली, “पूर्वीची यामिनी राहिली नाही.”

यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. निवड उद्यावर येऊन ठेपली होती, आणि जवळ होतं नव्हतं ते एकमेव सामर्थ्यही गेलं होतं. “आप्पा, माझा जोर कुठे गेला?”

आप्पा तर चक्क आनंदात होते. “काकू रागावल्या ना? झालं तर. आता जाऊन जेव आणि शांत झोप.”

याला काय समजायचं, हे तिला कळलं नाही. ती जेवली, झोप मात्र शांत लागली नाही.

रविवारी तालुक्याच्या मैदानावर निवड समितीची मंडळी टेबलामागे बसली होती. पिचर शहरातली, उंच, नावाजलेली. खालून हात फिरवून चेंडू सोडायची तो असा की तो निघताना दिसे आणि एकदम कॅचरच्या हातमोज्यातच दिसे, मधला प्रवास गुप्त. गावाहून आलेली मंडळी कुंपणाला लगडली होती. यामिनी उभी राहताच त्यांनी गलका केला, “यामिने, वारा घाल! जुना वारा घाल!”

तिच्याने राहवलं नाही. पहिल्या चेंडूला तिने खांद्यामागून सगळा जीव ओढून बॅट फिरवली. टेबलावरचे कागद उडाले, समितीच्या एका सरांचा चष्मा फिरून पाठीमागे गेला, आणि चेंडू कॅचरच्या हातात निवांत जाऊन बसला.

“स्ट्राइक!”

कुंपणावर टाळ्या झाल्या. यामिनीने त्या ऐकल्या, आणि तिला एकदम चमत्कारिक वाटलं. चेंडू लागला नाही, तरी ही माणसं खूश कशी? तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे कॅचर होती, पण यामिनीला कडब्याची गंजी दिसली, आणि गंजीत हललेलं पीस.

पुढचा चेंडू उंच आला, तिने सोडून दिला. त्यानंतरचा कमरेसमोर आला, थेट जिथून काकूंची धार जायची तिथून. कोपर अंगाशी राहिलं, कंबर वळली, बॅटचं टोक मानकऱ्यासारखं शेवटी आलं.

वारा मुळीच आला नाही. फक्त टक् असा आवाज झाला.

“मारला का तिने?” चष्मा शोधणाऱ्या सरांनी विचारलं.

सगळे वर बघत होते. चेंडू कुंपण ओलांडून केळीच्या बागेत शिरला आणि एका घडात असा जाऊन बसला की तो घड त्या वर्षी उतरवताना बागवानाला चेंडू हे केळ्याचंच नवीन वाण वाटलं. पिचरने चेंडू बदलून घेतला आणि पुन्हा टाकला. तोही त्याच बागेत गेला. समितीने यामिनीचं नाव वाचून दाखवलं तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

संध्याकाळी ती थेट खळ्यावर गेली. आप्पा गंजीला टेकून बसले होते. काकू तिवईवर होत्या, आणि वारा अजूनही पडलेलाच होता.

“निवड झाली म्हणे,” काकू म्हणाल्या. “गुणाची गं पोर माझी. माझी दादर मात्र तशीच आहे हो.”

यामिनी आप्पांपाशी बसली. “आप्पा, माझा जोर गेला नव्हता. मग वारा कुठे गेला?”

“वारा म्हणजे जो जोर चेंडूपर्यंत पोहोचला नाही, तो,” आप्पा म्हणाले. “तू पहिल्यापासून जोरकसच होतीस. पण तुझा जोर वाटेतच सांडत होता, खांद्यामागे, कानापाशी. सांडलेलं कुणाच्या तरी कामी येतंच; म्हणून तर खळ्यावर गर्दी झाली. तुला मी तोंडाने सांगितलं असतं तर पटलं नसतं, कारण सगळा गाव टाळ्या वाजवत होता. तुझा जोर जसजसा चेंडूसमोर गोळा होऊ लागला, तसतसा त्यांचा भुसा राहू लागला. काकू रागावल्या तेव्हाच मी ओळखलं, काही सांडायचं उरलं नाही. त्यांची तक्रार खोटी नव्हती, यामिनी. त्यांचं खरंच नुकसान झालं होतं.”

यामिनीने तिवईवरच्या काकूंकडे पाहिलं. काकू पाटी धरून आभाळाकडे बघत होत्या, पान हलतं का ते.

मग ती उठली. गंजीतलं पीस तिने हळूच काढलं आणि आपल्या वेणीत खोचलं. गंजीपासून चांगली चार पावलं पुढे सरकली, बॅट खांद्याच्या पार मागे नेली, आणि म्हणाली, “काकू, सोडा धार.”

सोमवारची वावटळ खळ्यात परत आली. भुसा कुंपण ओलांडून गेला.

“आला गं बाई, वारा आला!” काकू ओरडल्या. म्हशींनी तोंडं वळवली.

आप्पांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. वारा पुन्हा खांद्यामागे वाजत होता. पण या वेळी तो सांडत नव्हता, ती तो देत होती.

माणूस सुधारला की पहिली तक्रार बहुधा खळ्यावरूनच येते. ती शांतपणे ऐकावी, जमेल तेव्हा कुणाची पाटीभर दादरही उपणून द्यावी. फटका कुठे वाजला ते सांगणारं पीस मात्र आपल्या वेणीतच असू द्यावं.