लाल ट्रक

एक होता पिकअप ट्रक. अमेरिकेहून आला, जन्मभर खडी वाहिली आणि शेवटी गॅरेजमागे गंजत पडला. पुढे मिस्त्रीने त्याचं इंजिन जुळवलं, लाल रंग दिला.

शेजारचा टेम्पो म्हणाला, "दादा, नवरदेव दिसताय. आता पुन्हा खेपा."

"होऊ देत. अंग दुखेल, पण पडून पडून जास्त दुखतं."

हॉटेलवाल्या रणपिशांनी ट्रक विकत घेतला. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यांच्या ड्रायव्हरने कांद्याचं पोतं मागे टाकलं, तसं ट्रकला बरं वाटलं.

"उतरव ते," रणपिसे म्हणाले. "ओरखडा पडेल. हा हॉटेलच्या दारात फोटोपुरता उभा राहणार."

"नशीब काढलंत, दादा," टेम्पो म्हणाला. "आता नुसता आराम."

"इतकी वर्षं इथे दुसरं काय करत होतो?" ट्रक म्हणाला आणि लिंबू चिरडून रिकामाच निघाला.